डावीकडची खुर्ची

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप भावोजी,

नमस्कार पहिल्याच ओळीत उरकून घेते, कारण पुढे सगळं भांडण आहे.

गेल्या वर्षभरात तुमच्या घरून जेवढी पत्रं आली ती सगळी तुमच्या हातची. तुझी ताई मजेत आहे, तुझी ताई आठवण काढते, तुझी ताई म्हणते थंडीत पायमोजे घाल. अहो, पण ताई स्वतः कुठं आहे? एवढी वर्षं ती मला पत्रं लिहीत आली. वॉर्डातली ड्यूटी संपवून, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहायची. त्यात माया शोधावी लागायची, दटावणी मात्र पहिल्या ओळीपासून. ‘कानात काड्या घालू नकोस. गोळ्या संपल्या असतील, आण. रडगाणं पुरे.’ तशी एक ओळ मला वर्षभरात मिळालेली नाही.

तुम्ही म्हणाल, फोन कर. गिरणीतल्या मागांनी माझे कान कधीच खाल्ले, फोन माझ्या हातात नुसता थरथरतो. मला जग कळतं ते समोरच्याच्या ओठांवरून नाहीतर कागदावरून. त्यात ताईचा एक शब्द नसेल, तर माझी बहीण माझ्यापुरती मुकीच झाली की.

कारण मला माहीत आहे. माझी नोकरी संपली तेव्हा तिनं मला तुमच्याकडे राहायला बोलावलं आणि मी नाही म्हटलं. माझी एक खोली, माझा एक स्टोव्ह, हवं तेव्हा उठणं, हे मला सोडवत नव्हतं. तिला ते लागलं असणार. तिचा राग म्हणजे दगडावरची रेघ. पण या वयात दोघी बहिणींनी अबोला धरला तर तो सोडवायला उद्या कोण उरणार आहे? तिला म्हणावं, शिव्या दे, पण स्वतःच्या हातानं लिहून दे.

तुमची,
धाकटी


२५ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या जिभेला. तिला धार लावायची गरज नाही, गंज चढू नये एवढंच मागतो.

अक्षर एवढं मोठं पाहून हसू नकोस. माझ्या नजरेच्या मधोमध धुकं साचलंय. लांबचा माणूस दिसतो, हातातलं बारीक काही दिसत नाही. म्हणून तुझी पत्रं भिंग धरून वाचतो आणि जाड पेनानं लिहितो. एका पानात चार-पाच वाक्यं बसतात, त्यामुळे थापा मारायला जागाच उरत नाही.

मेट्रन रागावलेली नाही. तिला मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मेट्रन म्हणतोय, हुद्दा बिचारीला फार उशिरा मिळाला. तिला लिहायचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही. जन्मभर केसपेपर लिहिले. आता घरात नवरा फुकटचा कारकून मिळालाय, तर बोटं कोण दुखवून घेणार?

घर अजून तिच्याच तालावर चालतं. सकाळी माझं इन्शुलिन तीच देते. सिरिंजवरच्या रेघा मला दिसत नाहीत आणि तिचा हात अजून असा, की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते कळत नाही. मध्ये दोनदा माझी साखर एकदम खाली गेली आणि बेसिनपाशी पडलो. भुवईला टाके पडले. दोष माझाच, नाश्ता टाळला होता.

आणि एक गंमत ऐक. आमच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या आहेत. त्या सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाची स्मरणशक्ती तपासतात. वार-तारीख विचारतात, घड्याळ काढायला लावतात, पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं तेच परत म्हणायला सांगतात. छत्री, लिंबू, दरवाजा, वारा, निळा. मेट्रननं पाचही म्हटले, तेसुद्धा क्रमानं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं अशी काढली की भिंतीवर टांगावं. बाई म्हणाल्या, मागच्या खेपेला जरा शंका वाटली होती, आता बरंच बरं दिसतंय. मी शेजारीच बसलो होतो, छाती फुगली माझी.

खाली तिच्या हातच्या ओळी आहेत. आता तरी तुझं पोट भरू दे.

तुझा,
भावोजी

‘प्रिय धाकटीस, माझी प्रकृती उत्तम आहे. तुझी आठवण येते. काळजी नसावी. तुझी ताई.’


१० मार्च

तीर्थरूप भावोजी,

ताईच्या ओळी मिळाल्या. पोट भरलं नाही, उलट कळ आली.

अक्षर तिचंच आहे, जरा खाली उतरत गेलंय इतकंच. पण ‘काळजी नसावी’? ताई असं लिहिते ते परक्यांना. मला लिहायची, ‘नीट राहा, नाहीतर मी येते तिथं.’ म्हणजे राग अजून धुमसतोय, आणि वरून सभ्यपणा. यापेक्षा तिनं एक सणसणीत ओळ लिहिली असती तर मला झोप लागली असती.

तेव्हा मीच येते. महिनाअखेरीचं तिकीट काढलंय, चार दिवस राहीन. तिच्या पाया पडेन, तिनं ढकललं तर पुन्हा पडेन.

तुम्हाला एक विनंती. नाटकमंडळीत तुम्ही जन्मभर प्रॉम्प्टर होतात, विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवलीत. त्याची भरपाई म्हणून घरी सगळी भाषणं तुम्हीच करता, हे मला ठाऊक आहे. पण मी आले की चार दिवस तोंड बंद ठेवा. मला ताईशी बोलायचंय.

तुमची,
धाकटी


६ एप्रिल

भावोजी,

सुखरूप पोचले. खुशालीचं एवढंच.

गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून विचारलंत, एवढी गप्प का? शेजारी ताई उभी होती म्हणून उत्तर दिलं नाही. आता देते.

ताई माझ्यावर रागावलेली नाही. ते मला दारातच कळलं. तिनं दार उघडलं आणि माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू पेशंटच्या नातेवाइकांसाठी असायचं ते होतं. मग तिच्या खांद्यामागे तुमचे ओठ हलले, ‘धाकटी आलीय.’ लगेच ताई म्हणाली, ‘अगं, धाकटी!’ आणि तिनं मला कवटाळलं. कवटाळणं खरं होतं. अजून तिच्या अंगाला त्याच साबणाचा वास येतो.

जेवायला बसलो. तुम्ही तिच्या डाव्या हाताला, खुर्ची जराशी मागे घेऊन. मी समोर. मी विचारलं, शेजारच्या शिक्षिका येतात का गं अजून? आधी तुमचे ओठ हलले, ‘बदली झाली.’ मग ताईचे, ‘तिची बदली झाली.’ मी विचारलं, गुडघा कसा आहे? आधी तुमचे, ‘जिना चढताना.’ मग ताईचे, ‘जिना चढताना दुखतो गं.’ ज्याला ऐकू येतं तो बोलणाऱ्याकडे बघतो. मी मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलं, मी खोलीतल्या सगळ्या ओठांकडे बघते. तुम्ही एवढं चोख काम केलंत की कुणाही ऐकणाऱ्याला पत्ता लागला नसता.

तरी मला वाटलं, माझेच डोळे मला फसवतायत. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारात गेलात तेव्हा तेच प्रश्न पुन्हा विचारले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाली, ‘बाई, तुम्हाला कोणाला भेटायचंय?’

मी न्हाणीघरात गेले आणि नळ पूर्ण सोडला. मी किती मोठ्यानं रडते ते मला कळत नाही.

हे एवढंच असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. नवरा बायकोची लाज झाकतो, त्यात मी कोण बोलणारी? पण तिसऱ्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ताईनं तुम्हाला इन्शुलिन दिलं, सिरिंज टाकली, हात धुतले, पुसले. तुम्ही चहा घेऊन बसलात. ताईनं फ्रिज उघडला, बाटली परत काढली, नवी सिरिंज भरली आणि तुमच्याकडे आली. तुम्ही कप खाली ठेवला नाहीत. नुसते ओठ हलवलेत, ‘दिलं, मेट्रन.’ ती म्हणाली, ‘दिलं की,’ आणि मागे वळली. आणि तुम्ही पुढचा घोट घेतलात.

तुम्ही दचकला असतात तरी मला बरं वाटलं असतं. तुमच्या भुवईवरचे टाके नाश्ता टाळल्याचे नाहीत, भावोजी.

डॉक्टरबाईंना खरं सांगा. ताईला एकटीला आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा.

धाकटी


१४ एप्रिल

धाकटे,

तू ओठ वाचतेस हे मी विसरलो. आमच्या घरात विसरणारी माणसं एकावर एक फुकट मिळतात.

चार दिवस येऊन प्रेक्षकांत बसलीस आणि नाटक पडलं म्हणून लिहितेस. मी दोन वर्षं विंगेत उभा आहे. तुला वाटतं हे सोपं असतं? शब्द लवकर दिला तर माणूस गोंधळतो, उशिरा दिला तर लोकांना कळतं. तो श्वास घेतो आणि वाक्य येत नाही, त्या मधल्या फटीत द्यायचा. तेही पूर्ण वाक्य नाही, पहिले दोन शब्द. बाकी तिचं तिला सापडतं. अजून सापडतं. ज्या दिवशी दोन शब्दांनी भागणार नाही त्या दिवशी मी बघेन.

होय, डॉक्टरांकडे मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. होय, पहिल्या तपासणीनंतर आम्ही रोज सकाळी तालीम केली. घड्याळ, पाच शब्द, सगळं. ती हसत करायची. म्हणायची, परीक्षा आहे का? मी म्हणायचो, बढती आहे. यात कोणाचं काय गेलं?

इन्शुलिनचं म्हणशील, तर मी सावध असतो. दोनदा चुकलो, पडलो, उठलो. माझा जीव आहे, मी तो माझ्या बायकोच्या हातात ठेवलाय. तिला बाकी काही आठवत नाही गं. तुझं नाव, आमची गल्ली, कालचं जेवण. पण सिरिंज हातात आली की तिची पाठ सरळ होते. ते काढून घेतलं तर मागे काय राहील?

आणि खरं सांगितलं की पुढे काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या मंडळीतला खलनायक तुला आठवत असेल, ज्याच्या नुसत्या खोकण्यानं पहिल्या रांगेतली पोरं रडायची. गावाच्या टोकाला एक मोठं घर आहे, त्याची दारं आतून उघडत नाहीत. तिथं तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, गळ्यात फडकं. मी त्याच्या कानात एक वाक्य दिलं. त्यानं पुढची चार म्हटली, आवाजात तीच जरब. तिथल्या बाई धावत आल्या आणि त्याला गप्प केलं, बाकीचे घाबरतात म्हणून.

मेट्रनला मी तिथं पाठवणार नाही. तू कोणाला कळवलंस तर तुझंमाझं नातं संपलं असं समज.

भावोजी


२१ एप्रिल

तीर्थरूप भावोजी,

नातं तोडायचं तर तोडा. माझ्या बहिणीशी माझं नातं तुम्ही जन्माला घातलेलं नाही.

मी कोणाला कळवणार नाही. ते तुमचं काम आहे, तुम्हीच करायचं. पण तुमच्या पत्रातला एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. यात कोणाचं काय गेलं? त्याचं उत्तर देते आणि थांबते.

तुम्ही लिहिता, माझा जीव आहे, तिच्या हातात ठेवलाय. फार मोठं मन. पण हात कोणाचा आहे ते बघितलंत का? ताईनं एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकदाही चुकीचा डोस दिला नाही. ती हे कधी बोलून दाखवायची नाही, पण माझ्या लग्नात माझ्या सासूनं तिला सहज विचारलं, तुमच्या हातून कधी कोणी दगावलं का हो? तेव्हा ती जेवणावरून उठली होती. तुम्हीच समजूत काढायला गेला होतात.

समजा, एखाद्या सकाळी तुमचं लक्ष नसलं. तुम्ही गेलात. तुम्ही सुटलात. तिचं काय? तिला समजलं नाही, तर तुमच्या शेजारी बसून राहील, कोणी येईपर्यंत. आणि समजलं तर? तिला अधूनमधून लख्ख समजतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्या क्षणी समजेल की हे मी केलं, त्या क्षणी तिच्या डावीकडे कोणी नसेल. काय बोलायचं ते तिला कोण सांगणार आहे?

तुम्ही तिची लाज झाकताय म्हणता. तिच्या हातून खून करवून घ्यायची तयारी चालवलीय तुम्ही. कडू लिहिलं. खोटं असेल तर फाडून टाका.

ते टोकाचं घर मलाही नको आहे. पण डॉक्टरला खरं दुखणं सांगितल्याशिवाय त्याच्याकडे दुसरं औषध आहे की नाही हे कसं कळणार?

तुमचीच,
धाकटी


१९ मे

भावोजी,

उत्तर नाही. रागावला असाल तर रागावलो एवढं तरी लिहा. कोरा कागद पाठवलात तरी चालेल, पाकिटावर तुमचं मोठं अक्षर दिसेल.

धाकटी


६ जून

प्रिय धाकटे,

आधी हे वाच: आम्ही दोघंही घरी आहोत आणि धड आहोत. आता सावकाश पुढचं वाच. पानं बरीच आहेत, पण अक्षर मोठं आहे म्हणून.

तुझं पत्र मी फाडलं नाही. घडी घालून गादीखाली ठेवलं आणि काहीच केलं नाही. रोज सकाळी मात्र जास्त सावध राहायला लागलो. सावध राहून राहून माणूस थकतो. मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी चहा झाल्यावर मला खुर्चीतच डुलकी लागली. मेट्रनचा हात किती हलका आहे ते मी तुला मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. इतका हलका, की मला जागच आली नाही.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, कुशीवर, डोकं मेट्रनच्या मांडीवर. ती माझ्या गालाच्या आतल्या बाजूला बोटानं साखर चोळत होती. थोडी, मग थांबायची, मग पुन्हा थोडी. जिन्याचं दार उघडं टाकून तिनं खालच्या चष्म्याच्या दुकानदाराला हाक मारली होती, त्यानं रुग्णवाहिका बोलावली. आलेल्या माणसानं विचारलं, हे कोणी केलं? म्हणाला, अगदी बरोबर केलं, एरवी बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओततात लोक, गुदमरून जातो माणूस. तिनंच मारलं असतं आणि तिनंच वाचवलं. यातलं कुठलं खरं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही.

खरी गोष्ट पुढे हॉस्पिटलात घडली. मी पलंगावर, हाताला सलाईन. तिथल्या सिस्टरनी साखरेचा आकडा सांगितला. मेट्रननं तो ऐकला आणि तिची पाठ ताठ झाली. वॉर्डात राउंडला जायची तेव्हाचा चेहरा. म्हणाली, ‘याला डबल डोस गेलाय. कोणी दिला? त्या सिस्टरला माझ्यासमोर उभी करा.’

आकडा सांगणाऱ्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मेट्रननंही माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि थांबली. ती फट मला ओळखता येते, धाकटे. आयुष्यभर त्याच फटीवर पोट भरलं. शब्द माझ्या जिभेवर होता, एका अक्षराचा, ‘तू’. आणि मला तो देता आला नाही. मी तोंड मिटून तिच्याकडे बघत राहिलो, आणि तुझं गादीखालचं पत्र अख्खं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘बरं, मी बघते तिच्याकडे,’ आणि माझी चादर नीट करायला लागली. तिचं विसरून झालं. माझं झालं नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाई मला बघायला आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. तालमीसकट.

त्यांनी मला विचारलं, ‘काका, मागच्या वेळी मी कोणाला तपासलं?’

मी म्हटलं, ‘मला.’

‘किती मार्क पडले तुम्हाला?’

‘पैकीच्या पैकी.’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुमच्यामागे त्या मला दिसल्याच नाहीत. आता मला त्यांना भेटू द्या.’

मग ती तपासणी झाली, एकटीची. मी बाहेर बाकावर. दाराला काच होती आणि लांबचं मला दिसतं. मेट्रन नीट बसली, पर्स मांडीवर. बाईंनी काही विचारलं की ती आधी डावीकडे बघायची. तिथं खुर्ची होती, रिकामी. मग पुढे बघायची. असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. एकदा तिनं हात लांब करून त्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवून बोलत राहिली. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. नट विंगेकडे बघतोय आणि प्रॉम्प्टर हाताची घडी घालून उभा आहे, असं माझ्या हातून पूर्वी कधी झालेलं नाही.

या खेपेला बाईंनी शब्द बदलले होते. पाच नवे सांगितले, मधे इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग विचारले. मेट्रनचा चेहरा उजळला. म्हणाली, ‘छत्री, लिंबू, दरवाजा, वारा, निळा.’ अगदी ठणठणीत, क्रमानं. घड्याळात पावणेतीन काढायला सांगितले, तिनं अकरा वाजून दहा काढले. बाईंनी मला नंतर तो कागद दाखवला. काटे सरळ होते. एवढी चांगली तालीम मी मंडळीत कधी कोणाकडून करून घेतली नसेल, आणि त्या तालमीनं आणि माझ्या झाकाझाकीनं तिची दोन वर्षं खाल्ली.

रोग सुरुवातीच्या पायरीवर राहिलेला नाही, पुढे गेलाय, आणि पुढेच जाणार आहे. हे बाईंनी आडवळणानं सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण आणखी एक निघालं. मेट्रन झोपेची एक जुनी गोळी स्वतःच्या मनानं घेत होती, कधी दोन, घेतली ते विसरली की तिसरी. मला ते माहीतच नव्हतं. मी तिच्या ओठांवर लक्ष ठेवून होतो, हातांवर नाही. ती गोळी हळूहळू बंद केली. तेव्हापासून दुपारी ती जरा मोकळी असते. परवा तिनं आपणहून विचारलं, ‘धाकटीचं पत्र नाही आलं?’ मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो, तिथं मला जे करायचं होतं ते केलं आणि तोंड धुऊन आलो.

त्या टोकाच्या घराचं नावही कोणी काढलं नाही. मी भीतभीत विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, तेही कधी लागेल, कदाचित, तेव्हा आपण मिळून बोलू. आज लागत नाही. आज जे लागतं ते त्यांच्या दवाखान्यातल्या एका बाईंनी घरी येऊन पाहिलं. गॅसला आपोआप बंद होणारी तोटी बसवली. दाराला घंटी लागली. मेट्रनच्या पर्समध्ये पत्ता ठेवला. सगळ्या गोळ्या कुलपात गेल्या, किल्ली माझ्या गळ्यात. मी जुन्या सिनेमातला तिजोरीवाला दिसतो. आणि इन्शुलिन मेट्रनच्या हातून काढून घेतलं.

याचीच मला धास्ती होती. रोज सकाळी एक सिस्टर येणार असं ठरलं. पहिल्या सकाळी मी मेट्रनला आधी काही सांगितलं नाही, कारण काय सांगायचं ते मला सुचलं नाही. दार वाजलं. पन्नाशीच्या, शांत स्वभावाच्या बाई आहेत. त्यांनी बॅग उघडली तशी मेट्रन उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण.

मेट्रननं विचारलं, ‘नवीन का?’

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाल्या, ‘हो मेट्रन. तुम्ही जरा बघाल का?’ हे त्यांना कोणी शिकवलं मला माहीत नाही. मी नव्हतं शिकवलं.

मेट्रननं सगळं बघितलं. बाटली उजेडात धरायला लावली, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायला लावला, जागा बदल म्हणाली, काल इथंच दिलेलं दिसतंय. सुई मला टोचली, मेट्रनसारखी नाही. मी हूं की चूं केलं नाही. बाईंनी सामान आवरलं. मेट्रन म्हणाली, ‘हात बरा आहे तुझा. पण दिलं म्हणून पुढच्या पाळीला नीट सांगून जा. नाहीतर दुसरी कोणी येईल, तिला वाटेल राहिलंय, ती परत देईल. तिचा काही वाईट हेतू नसतो गं, तिच्या लक्षात नसतं. पण माणूस जातो.’

त्या बाई म्हणाल्या, ‘सांगते, मेट्रन.’

मी डावीकडे नव्हतो. समोर पलंगावर बसलो होतो, दंड धरून. धाकटे, तू तिथं असतीस तर तुला दिसलं असतं. तिच्याआधी खोलीत कोणाचेच ओठ हलले नव्हते.

तुझा,
भावोजी